संपतची मान आणि माझी तुरटी

संपतनं शर्टाची कॉलर खाली ओढली आणि मान माझ्यासमोर धरली. हनुवटीखाली उजव्या बाजूला बारीक लाल पुळ्यांचा नुसता मळा पिकला होता. म्हटलं, "अरे देवा, हे काय करून घेतलंस?"

"नाना, मलाच म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "पन बारा दिवसात गेलं न्हाई तर माझं काम गेलं."

माझं कोपरगावात एसटी स्टँडच्या मागे सलून आहे. खुर्च्या दोन, अनुभव सत्तावीस वर्षांचा. संपत माझं जुनं गिऱ्हाईक. जवळच्या एका साखर कारखान्याची डिस्टिलरी आहे, तिथल्या फायर स्क्वॉडमध्ये तो आहे. टाकीत उतरायचं, वाफेत शिरायचं, तर या लोकांना तोंडावर मास्क लावावा लागतो. मास्कची रबरी कड गालाला आणि हनुवटीखाली घट्ट बसली पाहिजे. मध्ये खुंट असले तर हवा आत शिरते. म्हणून रोज गुळगुळीत दाढी, हा तिथला नियम. आणि रोज दाढी करून करून याची मान अशी झाली होती की रबर टेकला तरी हा कळवळायचा. दोनदा त्यानं मास्क सैल बांधला आणि सेफ्टी ऑफिसर साहेबानं ते बरोबर पकडलं. बारा दिवसांनी सोमवारी टेस्ट होती. मास्क बसला नाही तर स्क्वॉडमधून बाहेर, उसाच्या गाड्या मोजायला यार्डात.

"यार्डात काय वाईट आहे?" मी विचारलं.

"वाईट न्हाई. पन चौदा वर्सं स्क्वॉडमधी हाय मी, नाना. दोन मान्सं टाकीतून जिती काढलीत." एवढं बोलून त्यानं कॉलर परत वर केली.

आधी त्याला डॉक्टरकडे धाडला. पुळीत पू असला तर ते काम न्हाव्याचं नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. डॉक्टर म्हणाले, पू नाही, वस्तऱ्यानं सोललंय आणि कापलेले केस आत वळलेत. म्हणजे चेंडू परत माझ्याकडे.

मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, दोष क्रीमचा. तो डब्यातला तयार फोम वापरायचा. तो दिसतो ढगासारखा, पण केस भिजवत नाही. मी त्याला माझ्या दुकानातली सगळ्यात भारी ट्यूब दिली, मेंथॉलवाली, लावताच बर्फ ठेवल्यासारखी. "चार दिवस ही वापर आणि मला येऊन दाखव," असं म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

चार दिवसांनी आला तो मानेला रुमाल बांधूनच.

"लई थंड वाटतं, नाना. वस्तरा फिरतोय का न्हाई तेच कळंना. मग मी आनखी दाबून फिरवला."

झालं! मेंथॉलनं कातडी बधिर होते. कुठे सोललं जातंय ते त्याला कळतच नव्हतं. आता आठ दिवस उरले होते आणि मान आधीपेक्षा वाईट. मग मला सुचलं, जे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. म्हटलं, "आता तू घरी नेमकं काय काय करतोस ते सांग. उठल्यापासून. काही गाळू नकोस."

"उठतो. तोंडाला बोरचं पानी मारतो. क्रीम लावतो. वरून खाली वस्तरा. मग उलटा हात, खालून वर. परत एकदा उलटा. मग तुरटी फिरवतो मानंवर. मग आफ्टरशेव्ह."

"तुरटी? कापलंय तिथे?"

"न्हाई, सगळीकडं. आन आफ्टरशेव्ह झोंबलं न्हाई तर परत लावतो."

"झोंबलं नाही तर परत? असलं येड्यासारखं कुणी सांगितलं तुला?"

संपत बिचारा सांगू का नको करत होता. शेवटी म्हणाला, "तुमीच की, नाना."

शेजारच्या खुर्चीवर अर्ध्या दाढीचे एक रिटायर्ड मास्तर बसले होते, ते फेसासकट हसायला लागले. "खोटं नाही हो. आम्हाला सगळ्यांनाच सांगता. झोंबलं म्हणजे दाढी कडक झाली!"

माझे कान तापले. खरंच होतं ते. आमच्याकडे गिऱ्हाईक सुस्कारा टाकून 'आहाहा' करत नाही तोवर त्याला दाढी झाल्यासारखी वाटत नाही. मीही दोन्ही तळव्यांवर आफ्टरशेव्ह घेऊन गालावर चापट्या मारायचो आणि वर ते वाक्य टाकायचो. सत्तावीस वर्षं! झोंबतं ते कातडी सोललेली असते म्हणून. त्यात अल्कोहोल जातं. तुरटी कापलेल्या जागी रक्त थांबवायला ठीक, पण रोज अख्ख्या मानेवर घासली तर कातडी कोरडीठाक पडते. हे सगळं मला माहीत होतं. पण बोलायला ते वाक्य झकास होतं, म्हणून बोलत राहिलो. या माणसाचं काम माझ्या फुशारकीपायी जायची वेळ आली होती. मला मनापासून लाज वाटली, आणि मी ते मास्तरांसमोर बोलूनही टाकलं. "संपत, चूक माझी आहे."

"असू द्या वो. आता काय करायचं ते सांगा."

पहिली गोष्ट, चार दिवस वस्तरा बंद. पण दाढी वाढवून कामावर कसा जाणार? मी त्याच्या सेफ्टी ऑफिसरला फोन लावला.

"साहेब, याला चार दिवस दाढी न करता चालेल का?"

"चालेल. चार दिवस त्याला मास्कच्या कामावर पाठवत नाही. पण सोमवारी टेस्टला एक खुंट दिसला तरी मी त्याला घेणार नाही. आत जीव त्याचाच जातो, माझा नाही."

माणूस कडक होता, पण बोलला ते बरोबर होतं.

शुक्रवारी संपत आला. पुळ्या बसल्या होत्या. मी आधी वस्तरा न घेता बोटांनी त्याची मान चाचपली. केसाचा कल बघायचा असतो, तो कुठल्या दिशेला झोपतो ते. बऱ्याच जणांचा मानेवर खाली असतो. संपतचा उजवीकडे वर होता, कानाच्या बाजूला! म्हणजे मी इतकी वर्षं ज्याला सुलटा हात समजत होतो तोच याला उलटा पडत होता. आणि त्याच जागेवर परत दोन हात वेगळे. कातडीनं तरी किती सोसावं?

मग क्रीम. साधी, बिनवासाची, मेंथॉल नसलेली घेतली. आमच्याकडच्या बोरच्या जड पाण्यात फेस धरत नाही, लावता लावता विरतो. म्हणून प्यायच्या पाण्याचा जार उघडला. गरम टॉवेल ठेवला. ब्रशनं फेस केला, दह्यासारखा दाट, आणि लावून दोन मिनिटं तसाच ठेवला. मास्तर त्या दिवशीही हजर होते. "नाना, झोपलात काय?" म्हणाले. केस भिजून मऊ व्हायला तेवढा वेळ लागतोच. नवं ब्लेड घातलं, कलाच्या दिशेनं, जोर न लावता एक हात. नंतर गार पाणी. वरून आफ्टरशेव्हचा बाम. हा दुधासारखा घट्ट असतो, त्यात अल्कोहोल नसतं.

"झोंबत न्हाई, नाना," संपत संशयानं म्हणाला. "लावलं का तरी?"

"लावलं, बाबा. गप बस."

सोमवारी सकाळी सातला तो पुन्हा खुर्चीत. टेस्ट दहाला. मान स्वच्छ होती. तसंच सगळं केलं, पण एक हात झाल्यावर हनुवटीखाली बोटाला किंचित खरखर लागली. त्यानंही हात फिरवला.

"नाना, आजच्या दिवस एक उलटा मारा. साहेब एक खुंट सोडनार न्हाई."

माझा हात गेलाही होता. एका फटक्यात चकचकीत झाली असती. पण तासाभरात पुन्हा आग, आणि रबर घट्ट आवळला की हा कळवळणार. दुसरीकडे, खुंट राहिला तर यार्ड ठरलेलंच. मी पुन्हा फेस लावला आणि केसाला आडवा, ना सुलटा ना उलटा, असा हलका हात घेतला. बोट फिरवलं. खरखर नव्हती. पण मास्कच्या रबराला काय कळेल, ते मला कुठून कळणार?

दुपारी बारा वाजता तो स्वतःच आला. दोन्ही गालांवर आणि हनुवटीखाली मास्कच्या कडेचा गोल वळ उमटलेला.

"साहेबानं पट्टे आवळले, हवेचं पुढचं भोक हातानं दाबलं आन म्हनला, ओढ श्वास. ओढला. मास्क तोंडाला असा चिकटला की सुटंना! आन आग न्हाई, कायबी न्हाई. पास!" तो हसत होता, आणि त्याचे डोळे भरले होते. माझेही. मास्तर त्या दिवशी नव्हते ते बरं झालं.

तुरटी अजून दुकानात आहे, कापलं तर लावतो. झोंबरं आफ्टरशेव्ह मागणारेही आहेत, त्यांना देतो, पण ते वाक्य मी सोडलं. गिऱ्हाईक खूश होऊन खुर्चीवरून उठलं की काम झालं, असं मी समजायचो. आता पुढच्या वेळी आलं की आधी विचारतो, "मागच्या दाढीनंतर दुसऱ्या दिवशी मान कशी होती?" बहुतेकांना ते आठवत नाही. आठवत नसलं तर मी समजतो, दाढी चांगली झाली होती.