येतो म्हणून गेलेली कोच

सिंगापूरमधल्या पुंगोलच्या एलआरटीला, म्हणजे तिथल्या छोट्या मेट्रोला, ड्रायव्हर नसतो आणि शेवटचं स्टेशनही नसतं. ती पुंगोलहून निघते, बिल्डिंगांच्या मधून आणि पाण्याच्या कडेकडेने एक चक्कर मारते आणि पुन्हा पुंगोललाच येते. बाकीच्यांना यात काही विशेष वाटत नाही. सविताला मात्र ही गाडी आपल्यासाठीच काढली आहे असं वाटायचं. तिचा फ्लॅट कोरल एज स्टेशनच्या समोरच. पण गाडीत बसून खिडकीला डोकं टेकलं, की तिच्या डोळ्यांसमोर एक हिरवं मैदान उलगडायचं, त्यावर मुली धावायला लागायच्या, आणि कोरल एज कधी आलं नि कधी गेलं याचा तिला पत्ता नसायचा. मग काय, आणखी एक चक्कर.

"आमच्याकडे कोथिंबीर आणायला गेलेलं माणूस सिंगापूर बघून परत येतं," असं तिचा नवरा अनिमेष मित्रांना सांगायचा. तो बँकेच्या आयटीत मॅनेजर, वेळेचा पक्का, आणि पुण्याचा. त्याला ही तंद्री कळायची नाही, पण तो कधी चिडलाही नाही.

अशी दिवसाढवळ्या स्वप्नं बघणाऱ्या बाईने कविता कराव्यात, अशी लोकांची अपेक्षा असते. सविता फुटबॉलची कोच होती. टॅम्पिनीसच्या बाजूला एक कॉलेज आहे, तिथल्या मुलींच्या टीमची. आणि ही टीम हरायची. अधूनमधून नव्हे, नेमाने हरायची.

सविता मूळची कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली. तिथे फुटबॉलच्या टीमला क्लब म्हणत नाहीत, तालीम म्हणतात. पूर्वी त्याच तालमीत पोरं कुस्ती खेळायची, मग फुटबॉल आला आणि नाव तेच राहिलं. तिचे वडील तालमीचे गोलकीपर. मॅचच्या दिवशी ते गोलपोस्टमध्ये आणि ही काकाच्या खांद्यावर. शाहू स्टेडियमवर अख्खी पेठ एकदम ओरडली, की त्या आवाजाने तिच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. पुढे ती स्वतः कॉलेजकडून खेळली, डाव्या विंगला. मग लग्न, सिंगापूर, जाईचा जन्म, सुटलेली नोकरी. पुंगोलच्या मैदानात चार आयांबरोबर खेळता खेळता तिने कोचिंगचा एक छोटा कोर्स केला. त्या कॉलेजला कोच मिळत नव्हता, हिला टीम मिळत नव्हती. जमून गेलं.

कोल्हापूरची आणखी एक गोष्ट तिच्या जिभेवर राहिली होती. तिकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. अनिमेष लग्नाआधीपासून तिला यावरून छळत आलेला.

"सविता, येते. येते म्हण गं."

"येतो का येते, ते आल्यावर बघ," ती म्हणायची.

त्यातही घरातून निघताना 'जातो' म्हणायची सोय नव्हती. चुकून तोंडातून निघालं तर आई उंबऱ्यावरच अडवायची. "जातो म्हणू नये. येतो म्हण, आणि मग कुठं जायचं तिकडं जा." ही सवय इतकी मुरलेली, की कोचिंगच्या अगदी पहिल्या दिवशीच तिने सविताला खड्ड्यात घातलं.

झालं असं, की पहिली प्रॅक्टिस संपली तेव्हा ती हवेत होती. गवताचा वास, घामेजलेले चेहरे, इतक्या वर्षांनी गळ्यात शिट्टी. तिने पिशवी उचलली, हात हलवला आणि मनातलं 'चला, येतो' जसंच्या तसं इंग्रजीत म्हणाली, "ओके गर्ल्स, आय कम!" आणि गेटबाहेर पडून सरळ बस पकडली.

मुली थांबल्या. कोच येते म्हणाली आहे, म्हणजे येणार. कुणी म्हणे टॉयलेटला गेली असेल, कुणी म्हणे ऑफिसात. संध्याकाळ झाली, वॉचमन दिवे घालवायला आला, तरी सगळ्या पायऱ्यांवर बॅगा घेऊन बसलेल्या. घरी सविता फोडणी देत असताना कॅप्टनचा मेसेज आला, 'कोच, यू कमिंग ऑर नॉट?'

पुढच्या प्रॅक्टिसला तिने कान धरून माफी मागितली आणि समजावून सांगितलं. आमच्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. कॅप्टन नूर आइन ही गोलकीपर. तिने ग्लव्हज घातलेले हात कमरेवर ठेवून नीट विचार केला.

"म्हणजे 'आय गो' म्हटलं तर बॅड लक?"

"बॅड लक नाही गं. मागे राहणाऱ्याला वाईट वाटतं."

मुलींना हे फारच आवडलं. त्या दिवसापासून प्रॅक्टिस संपली की चारी बाजूंनी आवाज यायचा, "आय कम, कोच! आय कम!" आणि मैदान रिकामं व्हायचं. बसमध्ये बसल्यावरही सविताच्या कानात तो आवाज रेंगाळत राहायचा.

एवढं सगळं गोड होतं, फक्त मॅच जिंकता येत नव्हती. बाकीच्या कॉलेजांतल्या मुली शाळेपासून खेळत आलेल्या. सविताच्या निम्म्या मुलींना नेटबॉलमध्ये जागा मिळाली नाही म्हणून त्या इकडे आलेल्या. डाव्या विंगची पेई शान तर बॉल अंगावर आला की डोळे मिटायची. पहिला सीझन गेला, दुसरा गेला. समोरची टीम गोल मोजायची आणि सविताची टीम मॅच संपायची वाट बघायची. पण पाऊस असो, परीक्षा असो, प्रॅक्टिसला सगळ्या हजर. दोन सीझनमध्ये एकही मुलगी सोडून गेली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सविताच्याही नाही.

शेवटच्या मॅचला एक नवल घडलं. बॉल पेई शानकडे आला आणि तिने डोळे मिटले नाहीत. मान वर करून बघितलं, जसं सविता तिला दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होती, आणि बॉल आत टाकला. तो कुणाच्या तरी गुडघ्याला लागला आणि दोन सीझनमधला पहिला गोल झाला. त्या क्षणी सविताला समोरच्या चार रिकाम्या पायऱ्या दिसेनात. तिला अख्खी पेठ दिसली, काकाचा खांदा दिसला, पोटात तीच गुदगुली झाली. भानावर आली तेव्हा मुली एकमेकींच्या गळ्यात पडून नाचत होत्या. मॅच त्या चार-एकने हरल्या होत्या. जिंकलेली टीम त्यांच्याकडे बघतच राहिली.

कडेला मिस्टर कोह हाताची घडी घालून उभे होते. ते कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसचे प्रमुख. मंगळवारी त्यांनी सविताला बोलावून घेतलं.

त्या मंगळवारपर्यंत सविता पुढच्या सीझनमध्ये जगत होती. एलआरटीच्या खिडकीत पेई शान डाव्या बाजूने पळत होती, नूर आइन ओरडून डिफेन्स हलवत होती, आणि बॉल पायातून पायात असा वाहत होता की कुणी अडवूच शकत नव्हतं. ती ऑफिसात शिरली तेव्हाही थोडी तिकडेच होती.

कोह म्हणाले, "मुली खूश आहेत, ते मला दिसतं. पण वरचे विचारतात, दोन सीझनमध्ये सक्सेस काय? मी काय सांगू?"

सविताने तोंड उघडलं. पेई शान आता डोळे मिटत नाही, हे सांगावं? पहिल्या दिवशी गोलपोस्टमध्ये जिचा आवाज फुटत नव्हता ती नूर आइन आता मैदानभर ऐकू येते, हे? त्या थंडगार एसीच्या खोलीत हे सगळं शेजारणीशी मारलेल्या गप्पांसारखं वाटायला लागलं.

"एक गोल," ती म्हणाली.

कोह हसले. कुचकं नव्हे, मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त वरती उत्तर द्यायचं होतं. "शनिवारपासून नवा कोच ट्रायलला येतोय. मोठ्या टीमबरोबर काम केलेला आहे. तुमचं मग... सी हाऊ. मुलींना तुम्हीच सांगा. तुमच्याकडून ऐकलेलं बरं."

'सी हाऊ' ऐकलं आणि सविता काय ते समजली. जाई खेळणं मागायची तेव्हा तीही असंच म्हणायची, "बघू." आणि नऊ वर्षांची जाई बापाला सांगायची, "आई सेड बघू. मीन्स नो, लाह."

गुरुवारच्या प्रॅक्टिसला तिने मुलींना गोल करून बसवलं आणि सांगून टाकलं. शनिवारी नवा कोच येईल, चांगला आहे, त्याचं ऐका. मोठ्या झाडांखाली ऊन उतरत होतं आणि वर एक विमान चांगी विमानतळाकडे सावकाश खाली चाललं होतं.

"अँड यू, कोच?" नूर आइनने विचारलं.

"सी हाऊ."

त्याचा अर्थ त्यांनाही कळत होता. सिंगापूरच्याच पोरी त्या.

सविताने पिशवी उचलली. तिने ठरवलं होतं, आज खरं बोलायचं. उगाच पोरींना आशेला लावायचं नाही. आज 'आय गो' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. ती वळली. "ओके गर्ल्स, आय..." पण पुढचा शब्द काही केल्या निघेना. जणू आई उंबऱ्यावर उभी होती.

"आय कम," ती म्हणाली.

रोजच्यासारखा चारी बाजूंनी आवाज आला नाही. फक्त नूर आइन हळूच म्हणाली, "ओके, कोच. यू कम."

बसमध्ये सविता रडली. मैदान गेलं याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त टोचत होतं ते हे, की निघताना आपण त्या पोरींशी खोटं बोललो.

शनिवारी सकाळी अनिमेष म्हणाला, "आज जरा आराम कर." पण घरात तिला करमेना. जाईला घेऊन ती खाली उतरली आणि कुठे जायचं ते न ठरवताच एलआरटीत बसली. बाहेर पाणी चमकत होतं. बाल्कन्यांमध्ये कपडे वाळत होते. तिने सवयीने खिडकीला डोकं टेकलं. मैदान उलगडलं, पण त्यावर कुणीच नव्हतं.

"आई, सेकंड राउंड ऑलरेडी," जाई कंटाळून म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. कोह होते.

"सविता, तुम्ही कुठे आहात?"

"एलआरटीत."

"इकडे मुली मैदानात बसून आहेत. बूट घालून तयार, पण उठत नाहीत. नवा कोच कधीचा उभा आहे. विचारलं तर सगळ्या एकच सांगतात, कोच सेड शी कम, सो वी वेट. तुम्ही येणार असं सांगितलंत?"

"नाही, नाही, मिस्टर कोह! ते आम्ही निघताना म्हणतो. तुम्ही बाय म्हणता ना, तसं."

"मुलींना हे माहीत नाही?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. दोन वर्षं रोज चारी बाजूंनी येणारा तो आवाज तिला आठवला. नूर आइनचं हळूच 'यू कम' आठवलं. पहिल्या दिवशी त्या न कळून थांबल्या होत्या. आज पूर्ण कळून थांबल्या होत्या. लबाड पोरी!

"माहीत आहे," ती म्हणाली. "चांगलं माहीत आहे."

कोह म्हणाले, "नवा कोचही आता त्यांच्याशेजारी गवतात बसलाय. म्हणतो, सगळ्या मॅच हरलेली टीम जिच्यासाठी अशी बसून राहते, तिला आधी बोलवा, मग मी सुरू करतो. जमलं तर दोघं मिळून करू म्हणतो." ते खाकरले. "त्या दिवशी मी विचारलं होतं, सक्सेस काय. तुम्ही नीट सांगितलं नाहीत."

"मला अजून सांगता येणार नाही."

"ओके, ओके. वरती काय सांगायचं ते मी बघतो. तुम्ही येताय की नाही?"

"येतो," सविता म्हणाली.

"सॉरी?"

"आय कम."

"एक मिनिट. खरंच येताय, की तुमचं ते निघतानाचं?"

सविता एवढ्या जोरात हसली की डब्यातल्या एका आजोबांनी पेपर खाली केला. "खरंच, मिस्टर कोह. खरंच येतो."

तिने फोन ठेवला तशी जाई डोळे बारीक करून म्हणाली, "येते, आई. बाबा सेज येते."

"बाबांना सांग, आल्यावर बघू."

बूट मात्र घरी होते, धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत ठेवलेले. आणि कोरल एज आत्ताच मागे गेलं होतं. सविता उठून दाराशी जाऊन उभी राहिली. अजून अख्खी चक्कर बाकी होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला ही गाडी फार हळू चालते असं वाटलं.