जेठात गळलेली पिसं

अनसूया गेली हे मला हातपंपावर कळलं. तिच्या पलीकडच्या घरची सून पळत आली, म्हणाली, अक्का, काकू उठतच नाहीत. माझी कळशी अर्धी झाली होती. ती पूर्ण भरूनच मी निघाले. तिला बघितलं तेव्हा कळलं, रात्रीच गेली असणार.

पिंपळनेरजवळच्या या गावात आम्ही एकाच वर्षी लग्न होऊन आलो. घराला घर लागून, मधे काट्यांचं कुंपण. दोघींचे नवरे गेले. माझ्या पोरी सासरी, तिचा मुलगा सुरतेला. मला माणसांशी गोड बोलता येत नाही, म्हणून माझ्याकडे फारसं कोणी येत नाही. ती यायची. बोलायची मात्र कोंबड्यांबद्दल.

पाच कोंबड्या होत्या तिच्या. पावसाळा सरून दिवस आखूड व्हायला लागले, नवरात्र जवळ आलं, की त्या पिसं टाकायच्या. आधी मानेची, मग छातीची, पंखांची, शेवटी शेपटीची. अंडी बंद. थंडी पडेपर्यंत नवी पिसं अंगावर यायची. मी म्हणायचे, अंडी देत नाहीत तर कापून खा. ती म्हणायची, "तू तरी आते काय कामनी शे, अक्का? तुले कोनी कापं का?"

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार बायकांसमोर मी बोलून गेले, की तुझा मुलगा तुला विचारत पण नाही. खोटं नव्हतं. पण त्यानंतर ती पंपावर यायची बंद झाली. मी धरून चालले, रुसली. रुसू दे, म्हटलं. मी कोणाची समजूत काढायला जात नाही.

मग जेठात, ऊन डोक्यावर असताना, तिच्या कोंबड्यांची पिसं गळायला लागली. नवरात्राला चार महिने होते. अंगणभर पिसं, लाल उघड्या माना. मी कुंपणावरून म्हटलं, "तुन्या कोंबड्या नागड्या व्हई गयात. पिसं विकी टाकात का?"

ती खाटेवरून म्हणाली, "गरम व्हस त्यास्ले. तू बी लुगडं सोडी टाक."

दोघी हसलो. ती खाटेवरून उठली नाही, हे मी बघितलं होतं... पण माझं लक्ष कोंबड्यांवर होतं. पुढच्या आठवड्यात ती गेली.

मुलगा आला त्याच दिवशी त्यानं कोंबड्या माझ्याकडे सोपवल्या; मग दिवस केले आणि घराला कुलूप लावून गेला. मी घमेल्यात पाणी ठेवलं. पाचही जणी तुटून पडल्या. चोच बुडवायची, मान वर करायची, परत बुडवायची. थांबेचनात. घमेलं दोनदा भरलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पिसं गळायला रोग नव्हता, ऋतू नव्हता. तहान होती. मुलगा आल्या आल्या बोलला होता, आईनंच एकदा फोन करून सांगितलं होतं, पाय सुजले होते, चार पावलांवर दम लागायचा, डॉक्टरकडे जायला मात्र तयार नव्हती. तिच्यानं कळशी उचलवत नव्हती. पलीकडची सून देईल तेवढ्या तांब्या-दोन तांब्यांत ती आणि पाच कोंबड्या भागवत होत्या. मला हाक मारली असती तर मी आणलं असतं. तिनं मारली नाही. मी विचारलं नाही. दोन्ही खरं आहे.

आता श्रावण आहे. कोंबड्यांच्या मानेवर नव्या पिसांचे काटे फुटलेत. दिवसभर माझ्याकडे असतात, संध्याकाळ झाली की कुंपणातून तिच्या अंगणात जातात आणि बंद दारासमोर ओळीनं बसतात. मी जाऊन टोपल्याखाली झाकून येते. रोज.

परवा मला ताप आला. दोन दिवस पंपावर गेले नाही. गल्लीतून कोणी विचारायला आलं नाही. त्यांना वाटलं असेल, म्हातारी कोणावर तरी रुसली. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंत धरून उठले आणि माठातलं उरलेलं पाणी कोंबड्यांच्या घमेल्यात ओतलं.