तळ्याकाठची इस्त्री

बाळांनो, आज ड्रेस्डेनच्या बागेत पाइनच्या चिकाचा वास आला आणि मला एक तळं आठवलं. भोवती वाळूतलं कोरडं जंगल, नळ नाही, वीज नाही. तुमचे आजोबा तेव्हा इथे पीएचडी करत होते. लग्न नवं होतं आणि मला इथे करमत नव्हतं. मला मायदेशी परत पाठवा, असं त्या तळ्याकाठच्या सहलीतच त्यांना सांगायचं मी ठरवलं होतं.

"अगं, तंबूत राहायला विजेची इस्त्री आणलीस?"

"अहो, मग चुरगळलेली साडी नेसू?"

हसत हसत त्यांनी स्टीलच्या तांब्यात निखारे भरले, तो फडक्यात धरला आणि चटईवर पसरलेल्या साडीवरून फिरवू लागले. "ते टोक ताणून धर," म्हणाले. मी धरलं.

तेव्हा वाटलं, साडीच्या नादात सांगायचं राहून गेलं. आज वाटतं, सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.