तात्यांची दुपारची झोप

आधीच सांगतो, मी शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. जे मोजता येतं तेवढंच खरं, अशा विचारांचा माणूस. भूत, भास, अंगात येणं... यातलं काही कधी मानलं नाही. आजही मानतो असं नाही. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही.

माझे चुलते तात्या मेंढपाळ होते. मूलबाळ नाही. चुलती गेल्यावर मी त्यांना शहरात, सिडकोतल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. त्यासाठी मेंढ्या विकायला लावल्या. वैजापूरच्या एका माणसाशी फोनवरच व्यवहार उरकला. "दिवाळीत मेंढ्यांना भेटवून आणतो तुम्हाला," असं तात्यांना म्हणालो होतो. तीन दिवाळ्या गेल्या. नेलं नाही.

दुपारी जेवून तात्या गॅलरीत आडवे व्हायचे आणि झोपेतच हाळी द्यायचे — लांब, चढत जाणारी, शेवटी जिभेची टकटक. प्रत्येक मेंढपाळाची हाळी वेगळी असते. मेंढरं आपल्या धन्याचीच ओळखतात. सुट्टीच्या दिवशी मी घरी असलो की हमखास खालच्या काकू बेल वाजवायच्या.

"अहो, पुन्हा सुरू झालं तुमच्याकडं!"

"सॉरी काकू, उठवतो त्यांना."

मग मी खांदा धरून हलवायचो. बाकीच्या दिवशी हे काम सुनीताला, माझ्या बायकोला, सांगून ठेवलं होतं. तात्या दचकून उठायचे आणि कपडे वाळत घातलेल्या दोरीकडं बघत राहायचे.

शेवटच्या दिवसांत त्यांनी मृत्युपत्राचा हट्ट धरला. गुलमंडीतले ओळखीचे वकील घरी आले. हातातलं चांदीचं कडं सुनीताला. आणि मला?

"ह्याला माझी दुपारची झोप लिव्हा."

वकील हसले. "तात्या, झोप कशी लिहू?"

"का? माझी हाय, चोरीची नाय."

"लिहा हो," सुनीता म्हणाली, "यांना तशीही दुपारी झोप येत नाही."

वकिलांनी लिहिलं.

तात्यांचं तेरावं झालं, मी कामावर गेलो आणि जेवणाच्या सुट्टीत खुर्चीतच डोळा लागला. आयुष्यात दुपारी कधी न झोपलेला मी! समोर पांढरं ऊन. बाभळीची विरळ सावली. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभ्या, वारा त्यांच्या लोकरीतून सावकाश चाललेला... डावा कान फाटलेली एक मेंढी येते आणि माझ्या सावलीत मान घालते. तिचा श्वास तळहाताला गरम लागतो. मग रोज दुपारी हेच. इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं, आणि जाग आली की रडू यायचं.

या उन्हाळ्यात एकदा दुपारीच घरी निघालो होतो. शेंद्र्याच्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली. गाडी थांबवली... आणि माझ्या तोंडून तात्यांची हाळी निघाली. जागेपणी! कळपातली एक मेंढी वळली. डावा कान फाटलेला. सरळ आली आणि माझ्या सावलीत मान घालून उभी राहिली.

मेंढपाळ धावत आला. "ओ भाऊ, ही माझ्या हाळीला कवाच वळत नाय. तुमची कशी ऐकली?"

"कुठली ही?"

"वैजापूरच्या पाव्हण्याकडनं घेतली. आधीचा धनी म्हातारा व्हता म्हणं."

"आणि कान?"

"तो व्हय? मागल्या साली कुत्र्यानं फाडला. आमच्याकडंच."

मागल्या साली तात्या आमच्या गॅलरीत होते. तो फाटका कान त्यांनीही पाहिलेला नव्हता... निदान उघड्या डोळ्यांनी तरी. म्हणजे ते रोज दुपारी तिकडं जात होते? आणि आम्ही त्यांना रोज अर्ध्या वाटेवरून ओढून आणत होतो?

घरी येऊन सुनीताला सगळं सांगितलं. याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. तात्यांनी मला माफ केलं की शिक्षा दिली, तेही कळत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा.

परवा रविवारी मी गॅलरीत झोपलो होतो. मी हाळी देत होतो म्हणे, सुनीतानं नंतर सांगितलं. खालच्या काकूंनी बेल वाजवली.

"अगं, आता हेही? उठव ना त्यांना!"

सुनीता दार अडवून उभी राहिली. हळूच म्हणाली, "नाही काकू. पोहोचू द्या त्यांना."