ठोके मोजणारी भाडेकरीण

आमच्या हुडकेश्वरच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या बाईएवढं गरीब स्वभावाचं आणि तिच्याएवढं भयानक माणूस मी जन्मात पाहिलं नाही. चाळिशीची, मौद्याकडची, एकटी, आवाज मांजरीसारखा. पण बोलता बोलता तिची नजर तुमच्या तोंडावरून घसरते आणि गळ्याच्या शिरेवर येऊन थांबते. ओठ हलायला लागतात. म्हणजे ती ठोके मोजून राहिली. गॅसची टाकी आणणाऱ्याला एकदा हळूच म्हणाली, "दादा, एक ठोका गाळला तुम्ही." तो टाकी जिन्यातच टाकून पळाला. शेजारी बारशाला गेली, तर पाळण्यात वाकून म्हणते, "वा, कणा सरळ आला." बाळाच्या आजीनं लगेच मीठ-मिरच्या ओवाळल्या. मीही हसलो असतो, पण माझी बायको गेली तेव्हा उशाशी हीच बसली होती आणि मी औषध आणायला चौकात होतो. मी वर्षभर विचारलं, ती कवा गेली? वर्षभर ही एकच सांगत आली, "शांत गेल्या." मला तेवढ्यानं भागत नव्हतं.

एका दुपारी तिनं मला ती नोकरी करते त्या प्रयोगशाळेत नेलं. खिडक्यांना काळा कागद. एका ताटलीत शंभरेक खळगे, दर खळग्यात माशाचं एकेक पिल्लू, अंड्यातलंच, काचेसारखं आरपार. कोणी हात लावत नाही. ताटली आपली आपण सरकते, थांबते, फोटो निघतो, पुन्हा सरकते. पडद्यावर काळे डोळे एकामागून एक येतात आणि तुमच्याकडे पाहतात. मधेच एखाद्या पाठीत हिरवा उजेड पेटतो.

"काकाजी, पेशी-पेशीत सगळे जनुक असतात. कोणता कुठं कवा जागा होते, ते ह्या उजेडानं कळते."

मी चौथी शिकलेला कोष्टी, पण हे मला लगेच कळलं. मागावर धागे सगळे ताणलेलेच असतात. कोणता उचलायचा ते भोकं पाडलेले पुठ्ठे ठरवतात.

"मंग पुठ्ठ्याले भोकं कोण पाडते?"

"तेच तर पाहून राहिली, काकाजी."

तेवढ्यात एक पिल्लू आलं, त्याचं काळीज हलत नव्हतं. यंत्रानं त्याचाही फोटो काढला. फेरी फिरून आली, पुन्हा काढला.

"मेल्याचे फोटो काहून काढून राहिली वं?"

"यंत्राले काय समजते? पण फोटोत मागं मागं जाऊन पाहिलं का, शेवटचा ठोका कवा पडला ते दिसते."

मग मी सरळच विचारलं. "तू तिचेही मोजले असशीन. मी पोचायच्या किती आधी गेली?"

तिची नजर माझ्या गळ्याच्या शिरेवर येऊन थांबली.

"आधी नाही. पायरीवर तुमची चप्पल वाजली, तवा काकूचा ठोका जोरात उचलला. त्याच्यावर तीनच पडले, मंग बंद. तुम्ही चप्पल काढून राहिले होते. चप्पल काढाले थांबलो काहून, असं मनाले लावून घेतलं असतं तुम्ही, म्हणून नाही सांगितलं."

"म्हणजे मी आलो, हे तिले कळलं."

"कळलं, काकाजी."

आता घरात वाट पाहणारं कोणी नाही. तरी पायरीवर मी चप्पल जरा वाजवूनच काढतो.