जावयाने निवडलेला पंखा

भाचेजावई कधीमधी चुकू शकतो, ही गोष्ट निजामाच्या अख्ख्या मुलखात एकाच माणसाला मान्य नव्हती, आणि तो माणूस म्हणजे माझे मामेसासरे. लातूरचे हे इंजिन-मिस्त्री. कपाळभर भस्म, कोपरापर्यंत वंगण. बाकी दुनियेशी कडक. बड्या अंमलदारालाही तोंडावर सांगत, "मोटार बरी हाय तुमची, डायवर बिघडलाय." पण मी, त्यांच्या सख्ख्या भाचीचा नवरा, काही बोललो की ते शिवाचं वाक्य. मी चहा गार म्हणालो, तर मामा तो वाफाळता चहा घटकन पिऊन, भाजल्या जिभेने म्हणाले, "लई गार." एका सोमवारी मी चुकून मंगळवार म्हणालो. मामांचा सोमवारचा कडक उपास. त्यांनी मामीला हाक मारली, "वाढ गं भाकर! जावईबापू म्हणत्यात, मंगळवार हाय." मला हे आवडू लागलं होतं, हे इथे कबूल करतो. साध्या कारकुनाला दुसरं कोण इतकं मानणार?

नांदेडच्या ज्या नवाबसाहेबांकडे मी कारकून होतो, तिथेच मी मामांना चिकटवलं होतं. नवाबसाहेबांनी विलायतेहून एक खूळ आणलं होतं. पायांना लांब फळ्या बांधायच्या आणि धावत्या मोटारनावेमागे दोर धरून गोदावरीवरून उभ्याने घसरत जायचं. एके दिवशी नावेचा पाण्याखाली फिरणारा पंखा खडकावर आपटून मोडला, आणि आठवड्यावर हैद्राबादचे पाहुणे आलेले. नवाबसाहेबांनी बजावलं, "मिस्त्री, उस रोज नाव नहीं चली, तो तुम चलते बनो."

आम्ही दोघे हैद्राबादेत दुकानात गेलो. दुकानदाराने दोन पितळी पंखे पुढे ठेवले. मापाने सारखे, फक्त एकाची पाती उजव्या फिरतीची, दुसऱ्याची डाव्या. "जुना कुठला होता?" त्याने विचारलं. नावेचा पाण्याखालचा भाग मी जन्मात पाहिला नव्हता. तरी मी ठणकावून म्हणालो, "उजवा!" मामांचा हात डाव्या पंख्यावर होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पंख्याकडे, आणि हात उचलला. "जावईबापू म्हणतात म्हंजी उजवाच. बांधा." परतीच्या गाडीत तो पंखा त्यांनी नांदेडपर्यंत मांडीवर घेतला. जावयाने वझं उचलायचं नसतं.

पंखा बसवल्यावर मामा हळूच म्हणाले, "पाव्हणे यायच्या आधी एकदा पान्यात फिरवून बघू का?" मी म्हणालो, "त्यात बघायचं काय?" झालं. कुणी बघितलं नाही.

काठावर पाहुणे बसले. नवाबसाहेब फळ्या बांधून, रुमी टोपी घालून नावेमागे कमरेएवढ्या पाण्यात सज्ज. मामा इंजिनापाशी. "सरकार, जरा कडंला सरकून ऱ्हावा," ते दोनदा म्हणाले. सरकार सरकले नाहीत. इंजिन धडधडलं आणि नाव पुढे जायची सोडून थेट नवाबसाहेबांवरच मागे चालून आली! त्यांनी बुडी मारली. दोर पंख्यात गुंडाळला, मामांनी इंजिन बंद केलं, आणि टोपी एकटीच डौलात प्रवाहाला लागली. पाहुण्यांनी हाच खेळ समजून टाळ्या पिटल्या.

"किसने चुना ये पंखा?" नवाबसाहेब ओरडले.

मी काठावर, त्यांच्यापासून तीन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी वाहत्या टोपीकडे पाहू लागलो.

"मैंने, सरकार," मामा म्हणाले.

त्याच दिवशी त्यांची नोकरी गेली. लातूरला परतून ते एका तेलाच्या गिरणीत इंजिनावर लागले. महिन्याभराने मी जाऊन त्यांना सांगितलं, "मामा, मी जुना पंखा कधी बघितलाच नव्हता."

"ठाऊक हाय," मामा म्हणाले. "म्याच सोडवला होता की त्यो. डावा होता. उजव्यानं नाव मागंच पळती."

"मग बोलला का नाहीत?"

"दुकानात चार मानसं हुती. त्येंच्यापुढं भाचीच्या नवऱ्याला खोटं पाडू?" आणि वर मलाच समजावलं, "तुमी जिवाला लावून घेऊ नगा. त्या नावंचीच नियत वाकडी."

नवाबसाहेबांना खरं सांगायला मी तीनदा देवडीपर्यंत गेलो. तिन्ही वेळा भलतंच काम काढून परतलो. मग ती राजवट गेली, नवाबसाहेब मुलूख सोडून गेले, पुढे मामाही गेले. आता घरात मी काही ठासून बोललो की पोरं हसतात, बायको चूक दाखवते. बरोबरच आहे त्यांचं. पण कधीकधी, चार माणसांपुढे, ती चूक दाखवता दाखवता मध्येच थांबते. मामांचीच भाची ती.