न वाटलेला नफा

इन्कम टॅक्सचं नाव काढलं की हल्ली माझं डोकंच उठतं. आमची कंपनी म्हणजे काय, तर नारायणगावाबाहेर टोमॅटो निवडायची एक शेड आणि कोल्ड स्टोरेज. शेअर सासऱ्यांचे आणि त्यांच्या तीन मुलांचे. मी थोरली सून, म्हणून फायली माझ्या गळ्यात.

नफा बरा व्हायचा. दरवर्षी सीए म्हणायचे, थोडा तरी लाभांश जाहीर करा. आबा, म्हणजे माझे सासरे, ऐकायचेच नाहीत. "नफा वाटला की घर वाटलं. ज्याला लागंल त्यानं उचल घ्यावी." झालं. कुणाच्या मुलीचं लग्न असो की ट्रॅक्टर, आबांना सांगायचं, आबा मान हलवायचे आणि कंपनीच्या खात्यातून पैसे निघायचे. परत कधी करतोस, असं कुणी विचारायचं नाही. मलाही त्यात वावगं वाटत नव्हतं. माझ्या माहेरी, घोडेगावला, हेच चालायचं.

मग धाकटे दीर आजारी पडले. पुण्याच्या दवाखान्यासाठी मोठी उचल काढली, तरी ते गेले. त्यांचे शेअर आणि थोडी जमीन माझ्या धाकट्या जावेच्या नावावर झाली, आणि पाठोपाठ नोटीसही तिच्याच नावानं आली. कंपनीत एवढा नफा साठलाय, लाभांश कधी दिला नाही आणि मोठ्या भागधारकाला पैसे मात्र दिले. तर ही उचल नाही, हा लाभांशच आहे, टॅक्स भरा. माणूस गेला, टॅक्स बायकोच्या माथी.

उत्तरं दिली, अपील केलं, हरलो. सगळं कॉम्प्युटरवर. समोर माणूसच नाही, भांडायचं तरी कुणाशी? आणि आमच्यापैकी कुणाकडे स्वतःचे म्हणून पैसे नव्हते, सगळे कंपनीत. जाऊ मला म्हणाली, "आक्का, जमिनीला गिऱ्हाईक बघा." ती जमीन गेली असती तर तिच्याकडे दुसरं काय होतं? मला रात्रंदिवस तोच घोर.

आबा म्हणाले, "विकायची कशाला? कंपनी भरंल तिचा टॅक्स."

सीएंनी कपाळाला हात लावला. "आबा, कंपनीनं तिच्या वतीनं भरलं, तर तोही लाभांशच धरतील. त्यापेक्षा सरळ जाहीर करा की! तिचा वाटा तिच्या खात्यात जाऊ दे, ती भरंल."

मला हसू आलं, पण ते दमलेलं हसू. इतकी वर्षं चुकवलेली गोष्ट आता फिरून आमच्याच दारात उभी होती. आबा बरेच दिवस अडून बसले. शेवटी जमीन विकण्यापेक्षा हे बरं म्हणून तयार झाले.

ठरावावर सह्या करायला आम्ही सगळे शेडच्या ऑफिसात जमलो. बाहेर क्रेटांची आदळआपट चालू. आबांनी पेन हातात घेतलं आणि जावेकडे न बघता म्हणाले, "तुझ्यासाठी करतोय, पोरी. न्हाईतर आमच्यात नफा वाटत न्हाईत."

जाऊ आबांसमोर आजवर कधी मोठ्यानं बोललेली नव्हती. आताही मोठ्यानं बोलली नाही.

"आबा, त्यांनी लई महिने दुखणं अंगावर काढलं. मी रोज म्हणायची, दवाखान्यात चला. ते म्हणायचे, बोअरची उचल अजून फिटली न्हाई, आता कोणत्या तोंडानं मागू? नफ्यातला वाटा हातात येत असता, तर मागायचंच कारण नव्हतं. येळेत गेलो असतो."

एका घरात राहून यातलं अक्षर मला माहीत नव्हतं. तिचं काही चुकलं होतं असंही मला म्हणता येईना.

आबांनी सही केली. कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "मागच्या वर्षांचा वाटा बी देता येतो का?"

"पैसे तेवढे देता येतील," मी म्हटलं.